अप्पांना कढी हवी असते

चार महिने मंजुषा रोज संध्याकाळी कढी करत होती आणि चार महिने अप्पा तिला शिवत नव्हते.

बरं, कढी तरी कशी? ताक म्हणून इथल्या दुकानातलं लबन, हे खरं. पण फोडणी साजूक तुपाची, आल्याचा तुकडा ठेचून घातलेला, कढीपत्ता बाल्कनीतल्या कुंडीतला. सात वाजून गेले की अप्पांना सांभाळणारी बिलकीस वाटी घेऊन अप्पांच्या खोलीत जायची आणि दहा मिनिटांनी तीच वाटी, तशीच भरलेली, ओट्यावर आणून ठेवायची.

"स्वतःच मागतात," मंजुषा म्हणाली, "आणि दिली की वाटीकडे ढुंकूनही बघत नाहीत. ताई, तुमच्याकडे कशी करायचे हो कढी? माझंच काहीतरी चुकत असणार."

आखातातल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एकतिसाव्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात वैभवी भेंडी चिरत बसली होती. विळी नाही म्हणून आधीच वैतागलेली. तिने सुरी खाली ठेवली.

"आमच्याकडे कढी करायचेच नाहीत. आंबट खाल्लं की गळा बसतो म्हणून अप्पा आयुष्यभर ताकाच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत. कढी मागतात असं तुला सांगितलं कोणी?"

मंजुषा उत्तर देणार, तेवढ्यात तिचा नवरा, म्हणजे वैभवीचा धाकटा भाऊ चारुदत्त दारात आला. "यल्ला, पानं घ्या. शुक्रवार आहे, दोनला मला कॉल आहे." झालं, कढी तिथेच राहिली.

वैभवी पुण्याहून गुरुवारी दुपारी आली होती ती दोन कामं घेऊन. जगाला दिसणारं काम म्हणजे रविवारी ऊद मेथामधल्या हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळींनी ठेवलेला अप्पांचा सत्कार. दुसरं काम तिच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेलं होतं. तळेगावच्या वृद्धाश्रमाचा प्रवेश अर्ज. चारूची शिपिंग कंपनी महिनाअखेरीला इथलं ऑफिस बंद करून त्याला रॉटरडॅमला हलवत होती, आणि सत्त्याऐंशी वर्षांच्या, आपलं नावही न सांगू शकणाऱ्या बापाला तिकडचा व्हिसा मिळायचा नव्हता. म्हणजे एकतर अप्पांनी लेकीकडे जायचं, नाहीतर तळेगावला. लेकीने तळेगाव ठरवून टाकलं होतं. अर्जावर दोन्ही मुलांची सही लागते; तिने आपली विमानातच केली होती.

"तुझी राहिलीय," जेवताना तिने अर्ज चारूच्या ताटाशेजारी ठेवला.

चारूने तो बोटाने जरा लांब सारला. "ताई, तुझं घर एवढं मोठं आहे. मधली खोली तर रिकामीच आहे ना? मी काही इमोशनल ब्लॅकमेल करत नाही. प्रॅक्टिकली बोलतोय."

"मीही प्रॅक्टिकलीच बोलतेय. नाही म्हणजे नाही. खलास की काय म्हणता ना तुम्ही? ते."

"सेहेचाळीस वर्षं झाली गं त्या गोष्टीला."

"तू चार वर्षांचा होतास. मामाकडे लाडू खात होतास."

चारूच्या लेकीने, इराने, कानातले इअरफोन काढून दोघांकडे पाहिलं. पंधरा वर्षांच्या मुलीला असली भांडणं आवडत नाहीत असं कोण म्हणतं? "व्हॉट हॅपन्ड फॉर्टी-सिक्स इयर्स अगो, आत्या?"

"काही नाही," मंजुषा घाईने म्हणाली. "जेव तू."

काय झालं होतं, ते महाराष्ट्राला तोंडपाठ होतं. अप्पा म्हणजे नटवर्य मार्तंड परुळेकर. सोळाव्या वर्षी एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून चिकटले, विंगेत बसून वही धरायची आणि अडलेल्याला शब्द पुरवायचे. एके रात्री नायकाला हगवण लागली आणि हा पोरगा चेहऱ्याला रंग फासून उभा राहिला, कारण नायकाचं काय, सगळ्यांचंच नाटक त्याला पाठ होतं. पुढे त्रेचाळीस नाटकं, तीसेक सिनेमे. सिनेमात बहुतेक न्यायाधीश नाहीतर नवरीचा बाप. सिनेमाचा त्यांना तिटकारा. क्लोजअप घेताना समोरचा नट घरी गेलेला असायचा. अप्पा भिंतीवरच्या खडूच्या खुणेशी बोलायचे आणि त्याच्या वाक्याला लागेल बरोबर तेवढा वेळ थांबायचे. संकलक म्हणायचे, परुळेकरांच्या गप्प बसण्याला कात्री लावावी लागत नाही.

रंगभूमीवर मात्र ते जुने प्रॉम्प्टरच राहिले. समोरचा अडखळला की त्याचं वाक्य ते ओठ न हलवता, त्याच्याच सुरात पुरवायचे. पहिल्या रांगेतल्याला पत्ता लागत नसे. अर्धी नटमंडळी त्यांच्या जिवावर तरली.

आणि मग ती रात्र. घरी बायको कॅन्सरने शेवटच्या घटका मोजत असताना किल्लेदाराचं काम करायला गेलेले अप्पा, मध्यंतरात आलेला निरोप, आणि तरीही केलेला तिसरा अंक. त्यावर लेख झाले, स्मरणिका निघाल्या. इथल्या मंडळाच्या सेक्रेटरींचा सकाळीच फोन आला होता: ताई, तो प्रसंग रविवारी तुमच्या तोंडून ऐकायचाय.

वैभवीच्या तोंडून ऐकायचा तर तो वेगळाच होता. त्या संध्याकाळी ती अकरा वर्षांची होती. नारायण पेठेतल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आई पलंगावर, मागच्या खोलीत ती, झोपेचं सोंग घेऊन. भिंतीतून अप्पांचा आवाज येत होता. आईचा येत नव्हता, तिच्या आवाजात तेव्हा जीवच उरला नव्हता. मग पावलं आली, आणि मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लागली.

तिने दार ठोठावलं. रडली, ओरडली, कडी काढा म्हणून विनवण्या केल्या. आठ वाजता शेजारच्या काकू आईपाशी येऊन बसल्या, त्यांनीही काढली नाही. अप्पांनीच तशी ताकीद दिली असणार! साडेनवाला पलीकडचा खोकला थांबला. कडी साडेदहाला निघाली, तेव्हा आईच्या तोंडावर चादर होती.

तेव्हापासून वैभवी बापाशी कामापुरतं बोलत आली. तिच्या पुण्याच्या घरात आतल्या एकाही दाराला कडी नाही. लग्न होऊन त्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या सुतार बोलावून तिने सगळ्या उपटून काढल्या, अगदी न्हाणीघराचीसुद्धा. पाहुणे आले की नवरा बिचारा दाराला 'आत आहे' अशी पाटी अडकवतो.

"रविवारी बोलले तर हे बोलेन," ती चारूला म्हणाली. "चालेल?"

चारूने हात जोडले आणि ताट घेऊन उठला.

आता गुरुवारचं सांगायला हवं, कारण ते वैभवीने धड कोणाला सांगितलं नव्हतं. प्रवासाने अंग मोडून आलं म्हणून ती पाहुण्यांच्या खोलीत आडवी झाली आणि तिला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा खाली कुठेतरी मगरिबची अजान संपत होती. खोलीत अंधारून आलेलं, एसीची बारीक घरघर. भिंतीपलीकडे घंटेचे तीन टोले पडले. मग अप्पांचा आवाज आला, स्वच्छ आणि तरुण.

"अगं, निघतो मी आता."

मग शांतता.

"हो. ठेवलंय उशाशी."

पुन्हा शांतता. पुढचं वाक्य वैभवीला येत होतं. पांघरुणात तोंड खुपसून ती पुटपुटली, तिसऱ्या अंकानंतर थांबत नाही, सरळ येतो. आणि मागोमाग भिंतीतून ते आलं. शब्द न् शब्द तोच.

मग पावलं जवळ आली. भिंतीला अगदी लागून थांबली. आणि कोयंड्यात कडी पडल्याचा आवाज झाला. लोखंडाचा, जुना, खणखणीत.

ती उठून दाराकडे धावली. हँडल खाली जाईना. दोनदा, तीनदा, सगळा भार टाकून पाहिला. चौथ्यांदा ते लोण्यात सुरी जावी तसं गेलं. बाहेर इरा देवघरातली घंटा हातात घेऊन उभी होती.

"इट्स जस्ट हिज प्ले, आत्या," ती म्हणाली. "ही डझ इट एव्हरी डे ॲट सेव्हन. यू लुक सो पेल!"

नंतर चारूने नीट सांगितलं. अप्पांचं सगळं पुसलं गेलं, ही एक नक्कल तेवढी राहिली. तीन घंटा दिल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. पलंगाकडे बघून बोलतात, मध्ये थांबतात, मग 'लावतो' म्हणत उजव्या भिंतीशी जातात आणि हात वर करतात. कोनाड्यात दिवा लावायचा प्रवेश असावा बहुधा. कोणतं नाटक ते काही कळलं नाही, पुण्याच्या जाणकारांनाही फोन करून झाले. आणि लोखंडाचा आवाज? छे गं, पाइप असतील.

वैभवी तेव्हा त्याला काय सांगणार होती? की हे नाटकच नव्हे?

शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर तिला कढीची आठवण झाली. बिलकीस कपडे वाळत घालत होती. हैदराबादची, पन्नाशीची, हाताला उसंत नसलेली बाई. अप्पांचं न्हाणंधुणं तिच्याकडे. मराठीचा मात्र तिला गंध नव्हता.

"बिलकीस, अप्पा कढी माँगते हैं, ये आपको कैसे समझा?"

"खुद बोलते दीदी. रोज नहीं. मैं पलंग पे बैठ के कपड़ों की तह करती ना, तब बोलते."

"पलंग पे बैठने के बाद ही?"

"हौ. दूसरे कोई भी बैठते नहीं उधर. मैं बैठी तो मेरे तरफ देख के रुकते. मैं कुछ नहीं बोलती तो खुद ही धीरे से बोलते. होंट भी नहीं हिलते उनके." बिलकीसने ओली चादर छातीशी धरली. "औरत के माफिक आवाज निकालते, दीदी. बीमार औरत. मेरे को पहले तो डर लगा. बहुत कुछ बोलते, मेरे को समझता नहीं. बस एक जगह अटक जाते. कडी, कडी, कडी. मैं बोली, अल्ला, बूढ़े आदमी को कढ़ी खाने का दिल हुआ होगा. जाके मंजू दीदी को बोल दी."

वैभवी मागे वळली. मंजुषा दारात ऐकत उभी होती.

"कढी नाही," ती मंजुषाला म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "कडी, मंजू. दाराची कडी."

मंजुषाने तोंडावर हात ठेवला. चार महिन्यांची कढी तिच्या डोळ्यांपुढून गेली असणार.

"पण ताई, मग ती बाई..."

"पलंगावर बसणारा अडला की अप्पा त्याचं वाक्य पुरवतात. ते आईचं वाक्य पुरवतायत." वैभवीला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि रागापेक्षा भीती. सेहेचाळीस वर्षं त्या शांततांमध्ये तिने एकच वाक्य भरत आणलं होतं. जाऊ नका. आई म्हणत असणार, जाऊ नका, आणि हा माणूस गेला. पण गुरुवारी भिंतीपलीकडची शांतता लांबलचक होती. 'जाऊ नका' म्हणायला एवढा वेळ लागत नाही. आणि अप्पा उगाच थांबणारे नट नव्हते.

"आज मी बसते पलंगावर," ती म्हणाली.

"नको ना ताई," मंजुषाने तिचा दंड धरला. "आहे ते बरं आहे. तुम्ही तळेगावला न्या, नाहीतर कुठेही न्या, मी काही बोलणार नाही. पण हे नको."

"ऐकल्याशिवाय मला सहीच नको आहे तुमची," वैभवी म्हणाली.

सात वाजता तिने सगळ्यांना बाहेर ठेवलं. इरा घंटा घेऊन दाराशी, चारू आणि मंजुषा तिच्या मागे. पलंगावरची पांढरी चादर बिलकीसने ताणून घातली होती. वैभवी तिच्यावर बसली, उशीला टेकली. खिडकीबाहेर मेट्रो दिवे लावून गेली. अप्पा खुर्चीत पोक काढून बसले होते, हनुवटीवर लाळेचा ओघळ.

पहिली घंटा झाली. अप्पांनी मान वर केली.

दुसरी झाली, तसे ते उठले. आधार न घेता.

तिसऱ्या घंटेला त्यांनी वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि ताठ झाले तेव्हा वैभवीसमोर एक्केचाळीस वर्षांचा माणूस उभा होता. देवा रे, ते खांदेसुद्धा!

"अगं, निघतो मी आता."

तिला राहवलं नाही. "जाऊ नका," ती म्हणाली.

अप्पांच्या कपाळाला आठी पडली. चुकीचं वाक्य घेणाऱ्या नवशिक्याकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांच्या मिटल्या ओठांमधून आवाज आला. बारीक, खोल गेलेला, आणि तिने सेहेचाळीस वर्षांत न ऐकलेला. तो आईचा होता.

"पाणी आणि औषध ठेवलंत?"

"पाणी... आणि औषध ठेवलंत?" वैभवी म्हणाली.

"हो. ठेवलंय उशाशी."

पुन्हा ओठ मिटले. "प्रयोग झाला की लोकांत अडकू नका."

तिने ते म्हटलं.

"तिसऱ्या अंकानंतर थांबत नाही. सरळ येतो."

"तोवर मी असेन असं वाटत नाही हो."

तिने तेही म्हटलं. कसं म्हटलं ते तिलाच ठाऊक.

"असं नको बोलू," अप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण वाक्य कापलं नाही.

मग ती मोठी शांतता आली. अप्पा बघत राहिले. वैभवीने मान हलवली, येत नाही मला. आईचा आवाज आला.

"वैभूच्या दाराला बाहेरून कडी लावून जा. मधेच उठून बाहेर आली तर मला बघेल. हे नाही बघायचं तिने. काकूंनाही सांगा, ती कितीही रडली तरी काढायची नाही."

वैभवीने पदर तोंडात कोंबला. अप्पा थांबले. मग आवाज परत आला, धीराने, विंगेतून यावा तसा.

"कडी."

आणि पुन्हा, "कडी... कडी..."

"वैभूच्या दाराला," वैभवी म्हणाली, "बाहेरून कडी लावून जा." आणि मग थांबायचं नाव नाही, सगळं बाहेर आलं, काकू, रडणं, सगळं.

"बरं. लावतो."

ते उजव्या भिंतीशी गेले. त्या भिंतीला दार नाही, कोनाडा नाही, साधा खिळा नाही. अप्पांनी डोक्यावर हात नेला आणि मनगट वळवलं. कडी पडली. बाहेर उभ्या असलेल्या मंजुषाने ती ऐकली, कारण तिने 'अहो' म्हणून चारूचा हात धरलेला वैभवीला दिसला.

अप्पा भिंतीकडे तोंड करूनच बोलले. "आणि तिला काय सांगू?"

या खेपेला त्यांना बराच वेळ लागला.

"सांगा, तुम्हीच लावलीत. तुमच्यावर चिडली तर चालेल. माझ्यावर नको."

एवढंच. इतकी वर्षं स्मरणिका निघाल्या, हार पडले, लेकीने तोंड फिरवलं, आणि या माणसाने बायकोने दिलेलं वाक्य एकदाही गाळलं नाही.

"सांगा," वैभवी म्हणाली, "तुम्हीच लावलीत. तुमच्यावर चिडली तर चालेल. माझ्यावर नको."

तेव्हा भिंतीपलीकडून ठोठावल्याचा आवाज आला.

हलका, खालच्या बाजूने, जेमतेम अकरा वर्षांच्या हाताचा. पाहुण्यांच्या खोलीत कोणी नव्हतं. इरा दारात होती, घंटा छातीशी धरून. पुन्हा ठोठावलं. वैभवी चादर मुठीत धरून बसली. उठून जावं, भिंत फोडावी, पोरीला पोटाशी घ्यावं असं तिच्या जिवाला झालं. आणि ती हलली नाही, हूं की चूं केलं नाही. अशाच पलंगावर आईने हे सगळं ऐकलं होतं तर. ऐकत ऐकत गेली होती.

ठोठावणं थांबलं.

अप्पा सावकाश वळले. खांदे उतरले होते. त्यांनी वैभवीला न्याहाळलं, बराच वेळ, मान वाकडी करून.

"छान घेतलीत वाक्यं," ते आपल्या म्हाताऱ्या आवाजात म्हणाले. "नवीन आहात का कंपनीत?"

"हो," वैभवी म्हणाली.

"उद्या पाठ करून या. मी रोज पुरवणार नाही."

बिलकीस आत येऊन त्यांना खुर्चीकडे घेऊन गेली. चारू आत आला, ताईजवळ पलंगावर बसणार होता, पण बसला नाही, उभाच राहिला. "ताई," तो म्हणाला, "तुझ्या खोलीचं दार उघडत नाहीये. बाहेर येताना लॉक केलंयस का?"

"त्याला कडी कुठेय," वैभवी म्हणाली. "उघडेल थोड्या वेळाने."

तिने डोळे पुसले, पर्समधून फोन काढला आणि पुण्याला लावला. नवऱ्याने, उपेंद्रने, उचलला तेव्हा तिकडे टीव्ही चालू होता.

"अरे, तो बंद कर आधी आणि ऐक. उद्या सुताराला बोलव. मधल्या खोलीच्या दाराला एक कडी बसवून घे. लोखंडी, जुन्या पद्धतीची, कोयंड्याची. वरच्या बाजूला, आणि बाहेरून."

"कडी? आपल्या घरात?"

"हो. अप्पा येतायत माझ्याबरोबर," वैभवी म्हणाली. "त्यांना रोज संध्याकाळी सातला लावायची असते."